वारीत लाखो लोक रात्री झोपतात कुठे? आणि दिंडीत नसलेल्यांचं काय?

दरवर्षी वारी सुरू झाली की तुमच्या फीडवर दिवे घाट येतोच. ड्रोनमधून दिसणारी वळणावळणाची गर्दी, भगव्या पताका, मागे अभंग. खाली शेकडो कमेंट, 'पुढच्या वर्षी नक्की जाणार.' मग पुढचं वर्ष येतं आणि हीच मंडळी शोधायला लागतात. वारीत राहायची सोय काय असते? वाटेत लॉज मिळतात का? दिंडीत आयत्या वेळी घेतात का? एकट्या मुलीने जाणं कितपत सुरक्षित?

या प्रश्नांची उत्तरं शोधताना आधी एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. वारीत 'बेड' नावाचा प्रकार नाही. तिथे मिळते ती अंग टाकायला जागा. ती कुणाला मिळते, कशी मिळते आणि आता का कमी पडतेय, हा खरा विषय आहे.

आधी गर्दीचा हिशेब

आळंदीहून निघणारी ज्ञानेश्वर माऊलींची पालखी साधारण २५० किलोमीटर चालून पंढरपूरला पोहोचते. देहूहून तुकोबांची पालखी दुसऱ्या वाटेने येते. त्र्यंबकेश्वरहून निवृत्तिनाथ, मुक्ताईनगरहून मुक्ताबाई, पैठणहून एकनाथ, शेगावहून गजानन महाराज, अशा इतरही पालख्या त्याच काळात वाटेवर असतात. पण गर्दीचा सगळ्यात मोठा भार आळंदी आणि देहूच्या दोन मार्गांवर पडतो.

पुण्यात दोन्ही पालख्या दोन रात्री थांबतात. माऊलींची पालखी भवानी पेठेत, तुकोबांची नाना पेठेत. शहर मोठं असल्यामुळे महापालिकेच्या शाळा, मंगल कार्यालयं, मंदिरं, सोसायट्यांचे पार्किंग आणि लोकांची घरं मिळून गर्दी कशीबशी सामावली जाते. तरीही फुटपाथवर झोपलेले वारकरी दिसतातच.

खरी परीक्षा पुढे असते. वाल्हे, तरडगाव, बरड, भंडीशेगाव ही माऊलींच्या मुक्कामाची गावं. तुकोबांच्या वाटेवर उंडवडी, सणसर, सराटी. यातल्या एखाद्या गावात एका संध्याकाळी अख्खं शहर उतरतं आणि दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत निघून जातं. वर्षातल्या एका रात्रीसाठी तिथे कुणी लॉज बांधणार नाही. सरकारनेही बांधू नये, कारण उरलेले ३६४ दिवस तिथे कुलूपच राहील.

इथे एक तुलना कामाची आहे. स्पेनमध्ये सांतियागो दे कोम्पोस्तेला या गावी जाणारी 'कामिनो' ही ख्रिस्ती पदयात्रा जगभर प्रसिद्ध आहे. २०२४ मध्ये ती पूर्ण केल्याचं प्रमाणपत्र जवळपास ५ लाख लोकांनी घेतलं. पायी जाणाऱ्याला प्रमाणपत्रासाठी शेवटचे १०० किलोमीटर चालावे लागतात, म्हणून बरेच जण सारिया या गावापासूनच सुरुवात करतात आणि तिथून पुढे गर्दी एकदम वाढते. वाटेत 'अल्बेर्गे' नावाची यात्रेकरूंची वसतिगृहं असतात, एका खोलीत वर-खाली पलंग लावलेली. गॅलिसिया प्रांतातल्या सरकारी वसतिगृहांत आगाऊ बुकिंग नसतं. जो आधी पोहोचेल त्याला पलंग. त्यामुळे ऐन हंगामात लोक पहाटे अंधारात टॉर्च लावून निघतात, दुपारच्या आत मुक्काम गाठायला धावपळ करतात. प्रार्थनेला निघालेली माणसं पलंगाच्या शर्यतीत अडकतात, अशी तक्रार तिथेही आहेच.

पण फरक बघा. त्यांचे ५ लाख वर्षभरात विभागलेले असतात. आपल्याकडे काही लाख माणसं एकाच संध्याकाळी, एकाच गावात असतात. तिथे प्रत्येक जण स्वतःपुरता पलंग शोधतो. आपल्याकडे ही पद्धत पहिल्याच रात्री कोसळली असती. ती कोसळत नाही, याचं कारण दिंडी.

दिंडी म्हणजे नुसता चालणारा ग्रुप नाही

बाहेरून बघणाऱ्याला दिंडी म्हणजे टाळ-मृदंग, वीणेकरी आणि ओळीत चालणारी माणसं. ही झाली दिवसाची दिंडी. रात्रीची दिंडी वेगळी असते. तिच्यात ट्रक, राहुट्या, पाण्याचा टँकर, गॅसच्या शेगड्या, आचारी, भाजी चिरणाऱ्या बायका आणि सगळ्यांच्या वळकट्या असतात.

सकाळी माणसं पालखीबरोबर चालू लागतात, तेव्हा सामानाचा ट्रक पुढच्या मुक्कामाकडे निघालेला असतो. तिथे आपल्या ठरलेल्या जागेवर राहुट्या ठोकल्या जातात, चूल पेटते. चालणारा वारकरी संध्याकाळी पोहोचतो तेव्हा त्याची जागा, जेवण आणि वळकटी तयार असते. या सगळ्याचा खर्च वाटून घेतला जातो. त्याला भिशी म्हणतात. रक्कम दिंडीनुसार वेगळी, साधारण काही हजारांत. शिवाय वाटेतल्या अन्नदात्यांची पंगत असतेच.

माऊलींच्या सोहळ्याला आजची शिस्त दिली ती एकोणिसाव्या शतकात हैबतबाबा आरफळकर यांनी. रथापुढे २७ दिंड्या आणि बाकीच्या रथामागे, प्रत्येकीला क्रमांक. हा क्रमांक फक्त चालण्याचा नाही. कोण कुठे चालणार, कोण कुठे उतरणार, तक्रार कुणाकडे करायची, हे सगळं त्यावरून ठरतं. खुद्द माऊलींचा मुक्कामही तंबूतच असतो आणि त्या तंबूचा मान अंकलीच्या शितोळे सरकारांकडे आहे. म्हणजे राहायची व्यवस्था हा या सोहळ्यात वरून चिकटवलेला भाग नाही, ती मुळातच त्याच्या रचनेत आहे.

मुक्कामाच्या मोकळ्या जागेला पालखी तळ म्हणतात. संध्याकाळी तळावर समाज आरती होते. चोपदार चांदीची काठी उंच करतो आणि हजारो लोकांचा आवाज एका क्षणात थांबतो. ज्या दिंडीची तक्रार असेल ती टाळ वाजवत राहते. मग चोपदार तिथे जातो, तक्रार ऐकतो. पाणी आलं नाही, आमच्या जागेवर दुसऱ्याने राहुटी लावली, असलं काहीही. सापडलेल्या वस्तूंची घोषणा होते, उद्या किती वाजता निघायचं ते सांगितलं जातं. एवढ्या गर्दीचा कंट्रोल रूम म्हणाल तर हाच. ना ॲप, ना टोल फ्री नंबर. (असं काही काढायचंच झालं तर काढणाऱ्यांनी आधी एकदा समाज आरती बघून यावी.)

मग अडचण कुठे आहे?

अडचण दिंडीच्या बाहेर आहे. ही व्यवस्था क्रमांक असलेल्या दिंडीसाठी बनली. आणि वारीत वाढणारी गर्दी मोठ्या प्रमाणात तिच्या बाहेरची आहे.

ही गर्दी एकसारखी नाही. एक म्हणजे मोकळे चालणारे वारकरी. डोक्यावर गाठोडं, हातात पिशवी, बरोबर गावातली दोन-चार माणसं. भिशी परवडत नाही किंवा शेतीच्या कामामुळे पूर्ण वारी जमत नाही, म्हणून मध्येच एसटीने येऊन मिळतात. दुसऱ्या म्हणजे नव्या दिंड्या, ज्यांना अजून क्रमांक नाही आणि म्हणून तळावर हक्काची जागाही नाही. तिसरे आपण. शनिवार-रविवार बघून एखादा टप्पा चालणारे, ऑफिसचा ग्रुप घेऊन आलेले, कॅमेरे घेऊन आलेले.

तिसऱ्या गटाची कुणी फार काळजी करायला नको. त्यांच्याकडे परत जायला गाडी आणि पैसे असतात. हाल होतात ते पहिल्या गटाचे. रात्री तळावरून चक्कर मारली तर ते दिसतात. देवळाच्या ओवरीत, शाळेच्या व्हरांड्यात, बंद दुकानाच्या पायरीवर, पेट्रोल पंपाच्या छपराखाली, उभ्या ट्रकच्या आडोशाला. पाऊस आला की मेणकापड अंगावर ओढून बसून रात्र काढायची. यात साठी-सत्तरीच्या बायकांची संख्या बरीच असते. अंघोळ आणि शौचाला जायचं तर त्या मध्यरात्रीनंतर, बाकीचे उठायच्या आत उठतात. म्हणजे झोप किती झाली याचा हिशेब तुम्हीच करा, आणि दुसऱ्या दिवशी परत चालायचं असतं.

रस्त्याकडेला झोपणं हा फक्त गैरसोयीचा मुद्दा नाही. पालखीच्या दिवसांत मुख्य वाटेवर वाहतूक वळवलेली असते, पण पालखी पुढे गेली की रस्ता मोकळा होतो आणि मागे रेंगाळलेले वारकरी तिथेच असतात. ही माणसं वाहनांपासून किती असुरक्षित असतात ते नोव्हेंबर २०१९ मध्ये दिवे घाटात दिसलं. नामदेव महाराजांच्या दिंडीत जेसीबी घुसला आणि दोघांचा जीव गेला. ती कार्तिकीनंतरची, आळंदीला चाललेली दिंडी होती. पोलिसांचा आषाढीसारखा बंदोबस्त अशा दिंड्यांना नसतो.

रस्ता रुंद झाला, तळाचं काय?

८ नोव्हेंबर २०२१ रोजी दोन्ही पालखी मार्गांच्या चौपदरीकरणाची पायाभरणी झाली. दिवे घाट ते मोहोळ २२१ किलोमीटरचा ज्ञानेश्वर महाराज पालखी मार्ग आणि पाटस ते तोंडले-बोंडले साधारण १३० किलोमीटरचा तुकाराम महाराज पालखी मार्ग. दोन्ही मिळून खर्च ११ हजार कोटींच्या आसपास. पालखीसाठी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना चालायची वेगळी वाट, हे या कामाचं वैशिष्ट्य.

चालण्यासाठी हे चांगलंच आहे, त्यात वाद नाही. पण ही सगळी योजना चालण्याची आहे. दिवसाचे चालायचे तास संपल्यावर माणूस जिथे टेकतो, ती जमीन रस्त्याच्या कडेला असते. आणि चौपदरी रस्ता आला की कडेच्या जमिनीचं काय होतं, हे महाराष्ट्रात कुणाला सांगायला नको. पूर्वी जिथे ज्येष्ठात नांगरून पडलेलं रान होतं आणि शेतकरी आनंदाने उतरू द्यायचा, तिथे आता कुठे प्लॉटिंग, कुठे हॉटेल, कुठे बारमाही ऊस. काही ठिकाणी नवा रस्ता शेतापेक्षा बराच उंच झाला, त्यामुळे दिंडीचा ट्रक खाली उतरायला वाटच राहत नाही.

त्यात पाऊस. आषाढी एकादशी २०२३ मध्ये २९ जूनला होती, २०२४ मध्ये १७ जुलैला, २०२५ मध्ये ६ जुलैला. अधिक महिना आला की तारीख पुढे सरकते आणि वारी भर पावसात सापडते. काळ्या मातीच्या तळावर एक चांगली सर पडली की ट्रक रुततात, राहुटीच्या खुंट्या धरत नाहीत आणि जी जागा कागदावर हजार माणसांची असते ती प्रत्यक्षात निम्मीही उरत नाही. उरलेली निम्मी माणसं मग गावात आसरा शोधतात, जिथे मोकळे वारकरी आधीच दाटीवाटीने बसलेले असतात.

पंढरपुरात तर देवालाही पलंग नसतो

सगळ्या प्रमुख पालख्या पंढरपूरच्या अलीकडे वाखरीला एकत्र येतात. तिथली एक रात्र ही वाटेवरची सगळ्यात दाटीची. दुसऱ्या दिवशी ही सगळी माणसं पंढरपुरात शिरतात. २०११ च्या जनगणनेत ज्या शहराची लोकसंख्या लाखाच्या आत होती, तिथे आषाढीला १० लाखांहून जास्त माणसं येतात असे अंदाज प्रशासनच मांडतं.

इथे मठ आहेत, धर्मशाळा आहेत, मंदिर समितीचं भक्त निवास आहे, घरातल्या खोल्या भाड्याने देणारे पंढरपूरकर आहेत. अनेक दिंड्यांचे स्वतःचे मठ आहेत, ज्यांचे नाहीत त्यांची ओळखीची घरं ठरलेली. उरलेल्यांसाठी पूर्वी चंद्रभागेचं वाळवंट होतं. पण लाखो लोक नदीच्या पात्रात राहिले की घाण कुठे जाणार आणि ती साफ कोण करणार, हा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला. वाळवंटातल्या मुक्कामावर निर्बंध आले आणि '६५ एकर' नावाने ओळखला जाणारा तळ तयार झाला. तिथे प्लॉट पाडलेले आहेत, पाणी, वीज, शौचालयं आहेत, आणि दिंड्यांना त्यातली जागा दिली जाते.

मला ६५ एकर हा या सगळ्या विषयातला सगळ्यात महत्त्वाचा धडा वाटतो. तिथे पलंग किंवा खोल्या बांधलेल्या नाहीत. जमीन राखून ठेवली, तिला पाणी आणि संडास जोडले, एवढंच. बाकीचं दिंड्यांनी केलं.

दर्शनाची रांग हाही एक मुक्कामच समजा. गोपाळपूरच्या पत्राशेडपर्यंत गेलेल्या रांगेत लोक रात्र काढतात. ती पुढे सरकत राहावी म्हणून आषाढीच्या आधी विठ्ठलाच्या शेजघरातला पलंग काढला जातो. देव झोपत नाही, दर्शन २४ तास चालू. वारी संपून प्रक्षाळपूजा झाली की पलंग परत जागेवर येतो. आणि कित्येक वारकरी रांगेत उभेच राहत नाहीत. चंद्रभागेत स्नान, नामदेव पायरी, कळसाचं दर्शन आणि परतीची एसटी. हे लोक असं वागले नसते तर पंढरपूर एकाच रात्रीत ठप्प झालं असतं.

सरकार करतं ते पुरेसं आहे का?

फिरती शौचालयं, टँकर, आरोग्य पथकं, ही कामं गेल्या दहा वर्षांत खूप सुधारली, हे मान्य करायला हवं. उघड्यावरची घाण पूर्वीसारखी राहिलेली नाही. २०२४ मध्ये राज्य सरकारने प्रत्येक दिंडीला २० हजार रुपये द्यायचं जाहीर केलं. पैसे कुणाला नको असतात? पण मदत नोंद असलेल्या दिंडीला मिळते. जो कुठल्याच दिंडीत नाही त्याला तिचा काय उपयोग? शिवाय २० हजारांत ट्रकचं भाडं निघेल, जमीन मिळणार नाही.

त्या मानाने काही मुक्कामांवर उभे राहू लागलेले मोठे वॉटरप्रूफ मंडप जास्त उपयोगाचे. तिथे दिंडीचा क्रमांक विचारला जात नाही. पाऊस आला, आत या. असा एक मंडप प्रत्येक तळावर, बायकांसाठी वेगळा भाग आणि रात्रभर दिवा, एवढं झालं तरी ट्रकच्या आडोशाला झोपणारे निम्मे लोक छपराखाली येतील. आणि मुक्कामाच्या प्रत्येक गावात तळाची जमीन विकास आराखड्यात राखून ठेवणं हे काम तर आत्ताच व्हायला हवं. प्लॉट पडले की ती जमीन परत मिळत नाही.

आता तुम्ही जाणार असाल तर

एका दिवसासाठी जायचं असेल तर पुणे ते सासवड टप्पा सोडा. साधारण ३० किलोमीटर, मध्ये घाट, आणि हौशी लोकांची सगळ्यात जास्त गर्दी तिथेच. जेजुरी-वाल्हे किंवा लोणंद-तरडगाव हे टप्पे लहान आहेत. लोणंद-तरडगावच्या वाटेवर चांदोबाचा लिंब इथे उभं रिंगण होतं, त्यामुळे तिथेही दाटी असते, पण अंतर कमी असल्यामुळे जमतं. शक्यतो आठवड्याच्या मधला दिवस निवडा. परतीची सोय आधी ठरवा, कारण वाहतूक वळवलेली असते आणि एसटी पकडायला तीन-चार किलोमीटर चालावं लागू शकतं. आणि रात्री थांबू नका. तळावरची एक जागा तुम्ही अडवली तर कुणीतरी पायरीवर जातं.

चार-पाच दिवस किंवा पूर्ण वारी करायची असेल तर दिंडीशिवाय जाऊ नका. गावाकडे चौकशी करा, तिथून एखादी दिंडी निघतेच. प्रस्थानाच्या महिना-दोन महिने आधी दिंडीच्या प्रमुखांना भेटा आणि न लाजता विचारा. क्रमांक आहे का? बायकांच्या अंघोळीची सोय काय? माणसांच्या मानाने राहुट्या किती? पाऊस पडला तर पर्यायी जागा कोणती? दिंडीत गेलात की तिथली शिस्त पाळावी लागते. मांस-दारू नाही, संध्याकाळी हरिपाठाला बसायचं, वाढायला उठायचं. मुली एकट्या येतात आणि दिंडीत नीट सामावल्या जातात. एकटीने मोकळं चालून तळावर रात्र काढणं मात्र टाळावं.

सामान कमी न्या. एक जाड मेणकापड, सतरंजी, चादर, पॉवर बँक, वापरून सवय झालेली चप्पल. आणि एक गोष्ट कागदावर लिहून खिशात ठेवा, फोनमध्ये नाही. दिंडीचा क्रमांक, रथापुढे की रथामागे, ट्रकचा नंबर आणि दिंडीतल्या दोघांचे मोबाइल. अंधारात तळावरच्या सगळ्या राहुट्या सारख्याच दिसतात, नेटवर्क कोलमडलेलं असतं, आणि पहिल्या दिवशी वाट चुकलेला नवा वारकरी रात्री अकरा वाजता 'माऊली, आमची दिंडी कुठंय?' विचारत फिरत असतो. क्रमांक सांगितला तर कुणीही हात धरून नेऊन सोडतं. नाही सांगता आला तर तेही काय करणार?

गर्दी अजिबातच नको असेल तर परतीची वारी आहे. गोपाळकाला झाला की पालखी पौर्णिमेला पंढरपुरातून निघते आणि दहा-अकरा दिवसांत आळंदी गाठते. टप्पे मोठे असतात, सोबत थोडीच माणसं. झोपायला जागा हवी तेवढी मिळते. पण टँकर, मंडप, फिरती शौचालयं आणि बंदोबस्त हे सगळं एकादशीनंतर जवळपास आवरलेलं असतं, तेव्हा पाणी आणि खाणं जवळ ठेवूनच निघा.